ह्यांचे सदुसष्ट अंश

८ जानेवारी २०१८, सोमवार

श्रीनिवास आज सकाळच्या विमानाने चेन्नईला परत गेला. निघण्याआधी माझ्या पावलावरची पट्टी त्याने स्वतः बदलली आणि बदलता बदलता निकाल सांगून टाकला. सातूचा पाक करताना मी यापुढे उकळतं पाणी उचलायचं नाही. दीड तास पातेल्याजवळ उभं राहायचं नाही. गुढीपाडव्याला तो येणार. तोवर पातेलं आपलं आपण तापेल आणि आपलं आपण थांबेल अशी सोय झालेली असली तर ठीक. नसली तर पातेलं भंगारात, फ्लॅटला कुलूप आणि मी चेन्नईला.

"आई, मी सीरियसली बोलतोय," तो म्हणाला. "तू पडून राहिली असतीस तर मला चौथ्या दिवशी कळलं असतं."

"पहिल्याच दिवशी कळलं असतं. सुहासिनी समोरच राहते आणि तिला सगळं कळतं."

तो हसला नाही. मी हो म्हटलं. आईने इतक्या लवकर ऐकलं याचं त्याला नवल वाटलेलं दिसलं. दहा आठवडे आहेत. दहा आठवड्यांत मी वर्तमानपत्राचे मथळे वाचण्याइतकं इंग्रजी शिकले होते. तेव्हा तो पाळण्यात होता, त्याला कुठून माहीत असणार.

गुरुवारचं एवढंच झालं की किटली उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाणी पावलावर सांडलं. वाफेने झालं असणार. पोटात सकाळपासून नुसता चहा होता, पण तसा तर हल्ली रोजच असतो.

१० जानेवारी

दुकानात विचारायला जायचं तर आपल्याला काय हवंय ते नीट सांगता आलं पाहिजे, म्हणून लिहून काढते.

सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरड दळायचे. एवढं काम लोणी काळभोरची शकू करते, तिच्या गच्चीवर ऊन चांगलं असतं. ती भरड गरम पाण्यात कालवून दीड तास सदुसष्ट अंशांवर ठेवायची. तेवढ्या वेळात पिठाची गोडी होते, वरून चिमूटभरही साखर लागत नाही. मग गाळायचं आणि आटवायचं. मधापेक्षा काळा, मधाइतका घट्ट पाक होतो. पाणी फार निवलं तर पीठ पीठच राहतं. पंच्याहत्तरच्या वर गेलं तर मोडातला गुण मरतो, मग दिवसभर ठेवा, गोडी येत नाही. झालं की नाही ते बघायला बशीत एक थेंब घ्यायचा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. काळंनिळं झालं तर पीठ शिल्लक आहे, तांबूस राहिलं तर जमलं.

हे सगळं ह्यांनी निवृत्तीनंतर एका मासिकात वाचून सुरू केलं आणि प्रत्येक घाण्याचा आकडा वहीत लिहून ठेवला. बावीस घरी बाटली जाते. बाळंतिणी, आजारातून उठलेली माणसं, दात नसलेले दोन-चार आजोबा. दोन वर्षांपूर्वी हे गेल्यावर सगळे धरून चालले की पाकही गेला. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी सातू भिजत घातले.

सुहासिनी परवा जिन्यात म्हणाली, "आनंदीवहिनी, बिअरसुद्धा अशीच करतात म्हणे!"

म्हटलं, "हो, अर्धा रस्ता तोच. आम्ही अर्ध्यावरून घरी परत येतो."

ह्यांची पद्धत अशी, की एका हाताने ढवळायचं, दुसऱ्या हातात थर्मामीटर, आणि काटा उतरला की किटलीतलं उकळतं पाणी भांडंभर घालायचं. थर्मामीटर लांब दांड्याचा, वर घड्याळासारखी तबकडी. मागे एक नट आहे, तो फिरवला की काटा पुढेमागे होतो. दर खंडेनवमीला हे पातेलंभर पाणी खळखळून उकळायचे, दांडा त्यात धरायचे, काटा नेमका शंभरावर आणायचे आणि मगच त्याला हळदकुंकू वाहायचे. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस. चुकीच्या हत्याराची पूजा करणार नाही, असं म्हणायचे. त्यांच्यामागे दोन दसरे मी ते केलं. काटा हलवावासुद्धा लागला नाही.

१३ जानेवारी, शनिवार

बुधवार पेठेत गेले. विजेच्या सामानाच्या गल्लीत चौथ्या दुकानात माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं गेलं. मालकांचं नाव यज्ञेश्वर. चष्मा कपाळावर, आणि भिंतीवर पाटी: 'वस्तू नीट वापरून बघावी. मग तक्रार स्वतःकडे करावी.'

"काय तापवायचंय?"

"पाणी. पाण्यात पातेलं, पातेल्यात सातू."

"सातूंना थंडी वाजतेय का?"

"सदुसष्ट अंशांची वाजतेय. दीड तास."

त्यांनी चष्मा खाली घेतला. हीटर किती वॉटचा, विचारलं. दोन हजारांचा, म्हटलं. मग काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक गोल चकतीची, जुन्या गीझरला असते तशी, नुसती फिरवायची. दुसरी आकडे दाखवणारी डबी: तिची सेन्सरची तार पाण्यात सोडायची, ठरवलेला आकडा आला की हीटर बंद, एक अंश उतरलं की चालू. तिसरी महाग. ती आधीपासूनच अंदाज घेते आणि हीटर थोडा थोडा चालू-बंद करत नेते.

"ही शहाणी आहे," ते म्हणाले.

"शहाणी नको. सांगितलेलं ऐकणारी द्या."

"मग मधली. आणि एवढं ओझं थेट डबीतून न्यायचं नाही. मध्ये कॉन्टॅक्टर लागेल. डबी हुकूम देणार, ओझं तो उचलणार. अर्थिंग नसेल तर मला सांगू नका, वायरमनला सांगा."

मला माणूस आवडला. उगाच 'मावशी, मावशी' करत नाही.

१७ जानेवारी

मोठ्या पातेल्याच्या बुडाशी हीटरची कॉइल बसवून आणली. त्यात पाणी, पाण्यात तिवईवर छोटं पातेलं. म्हणजे सातू बुडाला लागत नाही. वायरमनने वेगळा मोठा प्लग दिला, अर्थिंग तपासलं.

मग डबीची परीक्षा घेतली. ह्यांच्यासारखीच, उकळत्या पाण्यात. पाणी खळखळा उकळतंय आणि डबी म्हणतेय अठ्ठ्याण्णव! शेजारी ह्यांचा थर्मामीटर धरला, काटा शंभरावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नव्या कोऱ्या वस्तूत दोन अंशांचा फरक. बरं झालं, आधी बघितलं.

१९ जानेवारी

"दोन अंश खोटं बोलते," असं म्हणून डबी काउंटरवर ठेवली.

"कशावरून?"

"उकळत्या पाण्यात अठ्ठ्याण्णव दाखवते."

"मग?"

"मग काय? पाणी शंभरला उकळतं."

"कोणी सांगितलं?"

"शाळेत सांगितलं."

"आमचा सेन्सर शाळेत गेला नाही," ते म्हणाले आणि दुसऱ्या कंपनीची डबी पुढे सरकवली. पाटीवर काही का असेना, बदलून दिली.

सुहासिनीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ती मलाही बोलावते आणि मी जाते. ज्यांना अवघडायचं असेल त्यांनी अवघडावं.

२३ जानेवारी

दुसरी डबीही अठ्ठ्याण्णवच दाखवते! वर नाव वेगळं असलं तरी दोन्ही एकाच कारखान्यातून आल्या असणार. माल तोच, डबा निराळा. आजकाल सगळं असंच.

श्रीनिवासचा फोन आला होता. "कुठवर आलं?" म्हणाला. "निवड चालू आहे," म्हटलं. पलीकडून सूनबाईचा, उल्काचा आवाज आला, "आई, आपण ऑनलाइन मागवू या ना, रिव्ह्यूज बघून!" तिला म्हटलं, माझ्याकडे एक रिव्ह्यू आहे, तोच पुरे. थर्मामीटरबद्दल बोलत होते मी. तिला काय वाटलं कोणास ठाऊक, एकदम गप्प झाली.

२७ जानेवारी

यज्ञेश्वररावांनी आज डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. "अठ्ठ्याण्णव?" एवढंच विचारलं. मी मान हलवल्यावर गोल चकती काढून दिली. "ही घ्या. हिला आकडेच नाहीत फारसे. तुमचं भांडण होणार नाही."

घरी येऊन उकळत्या पाण्यात तपासली. बरोबर शंभराच्या खुणेवर टक् वाजलं. मनाला बरं वाटलं. जुन्या पद्धतीच्या वस्तू सच्च्या असतात हे मी आधीच समजायला हवं होतं. तीन आठवडे गेले, पण निवड झाली.

३ फेब्रुवारी, शनिवार

पहिला घाणा वाया गेला. सगळाच्या सगळा.

शकू सातूची भरड घेऊन सकाळीच आली होती. चकती सदुसष्टवर लावली, तिची तार छोट्या पातेल्यात सोडली आणि श्रीनिवासने सांगितल्याप्रमाणे मी खुर्चीत वाचत बसले. बराच वेळ टक् वाजलंच नाही. वाजलं तेव्हा बाहेरचं पाणी इतकं तापलं होतं की हीटर बंद होऊनही आतलं चढतच राहिलं. काटा ऐंशीच्या पुढे. दीड तासानं बशीत थेंब टाकला तर काळाकुट्ट.

"ह्ये तर खळ झाली की काकी," शकू म्हणाली. "पोस्टरं चिकटवाया चांगली हाय."

चूक माझी. तार आत सोडायला नको होती, बाहेरच्या पाण्यात सोडायची. म्हणजे पाणीच सदुसष्टच्या वर जाणार नाही, आणि आतलंही नाही. हे आता कळलं. पण बाहेर सोडूनही बघितलं, नुसत्या पाण्यावर, आणि ती चकती साठावर चालू होते नि चौऱ्याहत्तरवर बंद. खुणेवर टक् वाजवते, पण मधल्या वेळात मन मानेल तसं फिरते.

दोघी पातेलं घासायला बसलो. मी शकूला म्हटलं, काय करावं, आकडे दाखवणाऱ्या दोन्ही डब्या एकच खोटं सांगतात. उकळत्या पाण्याला अठ्ठ्याण्णव म्हणतात.

शकू घासता घासता म्हणाली, "माजी बहीण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात हाय. ती म्हंती, तितं डाळच शिजंना. पानी उकळतंय खळाखळा, पन डाळ तशीच टनक. तितलं पानी उकळतं पन तापत न्हाई, आसं म्हंती. आता बोला!"

मी हसले. मग हसू थांबलं. पातेलं तसंच हातात राहिलं.

६ फेब्रुवारी

वाचनालयात दोन दिवस गेले. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'पाणी शंभर अंशांना उकळते' असं आहे. अकरावीच्या पुस्तकात त्याच वाक्यात आणखी एक शब्द आहे: समुद्रसपाटीला. जसजसं उंच जावं तसतसं पाणी लवकर, कमी तापून उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश.

घरी येऊन ह्यांची नकाशांची नळी काढली. पुण्याचा तो मोठा नकाशा, ज्यावर मुठा उजवा कालवा निळ्या शाईने काढला आहे. कोपऱ्यात ह्यांच्या अक्षरात: समुद्रसपाटीपासून उंची ५६० मीटर.

म्हणजे इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. दोन्ही डब्या खऱ्या होत्या. खोटा होता तो काटा, आणि तो दरवर्षी हळदकुंकू वाहून खोटा केला होता.

तीस वर्षं ज्या माणसाने प्रत्येक ओढ्याची, प्रत्येक टेकडीची समुद्रापासूनची उंची लिहिली, त्याने स्वयंपाकघरात समुद्र गृहीत धरला.

७ फेब्रुवारी

कुणाला सांगू नये असं वाटतं. सांगायला आहे तरी कोण. हे असते तर त्यांनाच सांगितलं असतं, आणि त्यांनी आधी 'शक्य नाही' म्हणून मग तासाभराने पेन्सिल शोधली असती.

खरं लिहायचं तर राग आला. त्यांचा नाही. मी महिनाभर दोन चांगल्या वस्तूंना खोटं म्हणत फिरले याचा. आणि थोडा त्यांचाही.

१० फेब्रुवारी

"ती दुसरी डबी परत द्या," मी म्हटलं.

यज्ञेश्वरराव कागद वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "ती खोटं बोलत होती ना?"

"नाही. खरं बोलत होती."

"आता खरं चालतं का तुम्हाला?"

"चालवून घेते. तुम्हाला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं हे दुकान आहे बाई. इथलं पाणी तेव्हापासून अठ्ठ्याण्णवलाच उकळतंय. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"

"नसतं."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे केली आणि चहा मागवला. डबी बांधून देताना एक गोष्ट फुकट सांगितली: फरक एक अंशाचा ठेवा, त्याहून कमी नको. नाहीतर कॉन्टॅक्टर दिवसभर टाळ्या वाजवत बसेल.

१७ फेब्रुवारी

डबी सदुसष्टवर, तार बाहेरच्या पाण्यात. मी गॅलरीत बसले. दर थोड्या वेळाने टक् वाजायचं, जरा वेळाने पुन्हा टक्. किटली कपाटात. दीड तासाने थेंब तांबूस! शकूने टाळी दिली.

पण आटवल्यावर चाखला तर हा पाक आपला नाही. घट्ट आहे, चांगला आहे, दुसऱ्या कुणी केला असता तर मी नावाजला असता. पण गोडी कमी आणि जिभेवर एक जडपणा. समोर सुहासिनीला चमचाभर दिला, काही न सांगता. तिने चाटला, डोळे मिटले, म्हणाली, "सातू बदललेत का?"

सातू तेच आहेत. पाणी तेच आहे. यंत्र अचूक आहे. मग?

१८ फेब्रुवारी

केस विंचरताना लक्षात आलं. इतकं सोपं, की कंगवा खाली ठेवून मी स्वतःला मोठ्याने नावं ठेवली.

ह्यांचा काटा दोन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे बारा वर्षं ते वहीत सदुसष्ट लिहीत होते तेव्हा पातेल्यात पासष्ट होते. आम्हा सगळ्यांना आवडतो तो पाक पासष्टचा आहे. सदुसष्टचा त्यांनी कधी केलाच नाही.

आकडा त्यांचा चुकला. पाक नाही चुकला. तो ते आकड्यावर करत नव्हते, चाखून, वास घेऊन, दहा वेळा बिघडवून जमवला होता आणि मग काटा जिथे दिसला तो आकडा लिहिला होता.

२५ फेब्रुवारी

पासष्ट. जमला.

सुहासिनीने आज सातूंबद्दल काही विचारलं नाही, बाटली घेऊनच गेली.

११ मार्च

गेल्या रविवारी आणि आज, दोन्ही घाणे एकसारखे. दोन्ही बशा तांबूस. आज तर मी पातेलं लावून भाजीला जाऊन आले. परत आले तर डबी पासष्ट दाखवत होती, जशी मला ओळखतच नव्हती. शकू म्हणाली, "काकी, आता तुमी नसला तरी चालतंय की!" ती कौतुकाने म्हणाली. मी घरी आल्यावर मुद्दाम एकदा ढवळलं, गरज नव्हती तरी.

श्रीनिवासला वहीतल्या दोन अंशांचं फोनवर सांगितलेलं नाही. त्याला फक्त पातेल्याशी मतलब आहे.

१८ मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, आणि तीन वाजता श्रीनिवास म्हणाला, "चला, डेमो."

सगळं दाखवलं. हीटर, प्लग, कॉन्टॅक्टर, डबी. पाणी कमी झालं तर हीटर बंद करणारी एक सोयही मी मागच्या आठवड्यात बसवून घेतली आहे, ती बघून त्याने भुवया उंचावल्या. किटली कुठेच नाही हेही त्याने बघितलं. मी खुर्चीत, पाय वर. चाळीस मिनिटं झाली. तो चांगला खुशीत होता.

मग उठला, खिळ्यावरचा थर्मामीटर काढला आणि पातेल्यात धरला.  तबकडीच्या कडेला हळद बसलेली असते, त्याच्या नखाला पिवळं लागलं.

"आई, सदुसष्ट आहे की हे. तुझा कंट्रोलर पासष्ट दाखवतोय. फॉल्टी पीस दिलाय तुला."

"कंट्रोलर बरोबर आहे. थर्मामीटर जास्त दाखवतो."

"हा? बाबांचा?"

"हो."

"बाबांनी दरवर्षी कॅलिब्रेट केलाय तो. माझ्यासमोर."

"पुण्यात केलाय. इथे पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. त्यांनी काटा शंभरावर आणला."

त्याने मोबाइल काढला, काहीतरी बघितलं, वाचलं, परत खिशात ठेवला. "नेटवर काहीही असतं," तो म्हणाला. इंजिनिअर मुलगा! मला हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा बघून आलं नाही.

"तू बाबांना चूक ठरवतेस."

"हो."

"इतक्या सहज?"

"सहज नाही रे. सगळा फेब्रुवारी गेला त्यात."

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडे. डबी टक् टक् करत होती. दीड तास झाल्यावर मी थेंब घेतला, बशी त्याच्यापुढे धरली. तांबूस. त्याने बघितलं आणि म्हणाला, "यंत्राचं मी काही म्हणत नाही. पण जी बाई बाबांचंच मोजमाप खोटं म्हणायला लागली, तिने इथे एकटं राहणं बरं नाही."

म्हणजे पातेल्याची परीक्षा मी पास झाले, आणि तरी नापास.

१९ मार्च

सकाळी निघाला. थर्मामीटर पायमोज्यात गुंडाळून बॅगेत घातला. मला विचारलं नाही, मी अडवलं नाही. दारात म्हणाला, "सात एप्रिलचं तुझं तिकीट काढून ठेवलंय. माझं म्हणणं अजून बदललेलं नाही."

मीही नाही बदललं. आकडा पासष्टच आहे. ते मोठ्याने बोलले नाही.

त्याला मी काय समजावणार. पुस्तकातलं वाक्य दाखवलं असतं तर त्याने ते माझ्याइतकंच लवकर वाचलं असतं. त्याला माझं खरं वाटत नाही असं नाही. त्याला ते खरं नको आहे. का, ते मला कळत नाही. बापाने आयुष्यात एक काटा चुकवला तर काय बिघडतं?

शकूचा निरोप आला: पुढचे सातू भिजवू का? भिजव, म्हटलं.

२४ मार्च, शनिवार

अकराच्या सुमाराला फोन वाजला. उल्काने लावला होता. "आई, हे काहीतरी सांगतायत," म्हणाली आणि फोन त्याच्याकडे दिला.

"एकशे दोन," श्रीनिवास म्हणाला. हॅलो नाही, काही नाही.

"खळखळ उकळलं होतं का?"

"तीन भांड्यांत उकळलं. चहाच्या, कुकरच्या, आणि मग उल्काने शेजारून एक आणलं त्यात. तिन्हींत एकशे दोन. समुद्र इथून चालत जाण्याइतका आहे, आई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"सात तारखेचं तिकीट कॅन्सल करतो."

"कर."

"आम्ही मे महिन्यात येऊ. उल्काला तुझं ते यंत्र बघायचंय."

"या. आंबेही असतील."

तरी त्याने फोन ठेवला नाही. मागे पाणी उकळत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आई, ह्याचा नट मी फिरवू का? की बाबांनी ठेवलाय तसाच राहू दे?"

उत्तर मला माहीत होतं. 

"फिरव," मी म्हटलं. "त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी फिरवला असता. तुला पाना धरायला लावून."

त्याने फोन ओट्यावर ठेवला असावा. पाणी ऐकू येत होतं, पाना एकदा निसटल्याचा आवाज आला, उल्का काहीतरी म्हणाली, तो 'थांब' म्हणाला. मी इथे उभीच होते, बसायचं सुचलं नाही. बराच वेळ गेला.

"शंभर," तो म्हणाला.

"नेमका?"

"नेमका."

त्याचं नाक चोंदल्यासारखं वाटत होतं. चेन्नईत मार्चमध्ये सर्दी कशी होते कोण जाणे. मी म्हटलं, वाफेजवळ उभा आहेस तर आता बाजूला हो, आणि पोळ्या करायला गेले.